फोन वाजवून बघायचा राहिला

पहाटेपासून धुकं असं ठाण मांडून बसलं होतं, की चौकातल्या खांबावरचा दिवा पेटलाय की विझलाय तेही कळत नव्हतं. रस्त्याकडेच्या लोखंडी कॅबिनेटचं दार उघडलं तशी आतली गार ओल तोंडावर आली. आत तारांच्या जोड्या रांगेने उभ्या आणि प्रत्येक स्क्रूवर पाण्याचा टिपूस. लाइनमनने खिशातून बायकोच्या जुन्या परकराचं फडकं काढलं, गुडघ्याखाली गोणपाट सरकवलं आणि पुसायला बसला.

धुकं पडलं की हे काम ठरलेलं. ओल धरली की तारा आपापसांत कुजबुजायला लागतात. मग घराघरांतल्या फोनमध्ये खरखर, नेट मंद आणि ऑफिसात शिव्या. म्हणून एकेक जोडी पुसायची, स्क्रू आवळायचा, हातातल्या टेस्ट फोनच्या दोन क्लिपा जोडीला लावून कान द्यायचा. टोन स्वच्छ आला की पुढची जोडी. आणि कुणी बोलत असेल तर क्लिप तिथल्या तिथे काढायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्याला कामाला लावणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पहिल्याच आठवड्यात कान पिळून सांगितला होता, "तारा आपल्या, बोलणं त्यांचं. कळलं का?"

आताही एका जोडीवर कुणी बाई "आणि मग मी तिला तोंडावर सांगितलं, की" इतकंच बोलली आणि त्याने क्लिप ओढली. तिने तोंडावर काय सांगितलं ते आता त्याला जन्मात कळणार नव्हतं. असल्या अर्ध्यामुर्ध्या गोष्टींचं गाठोडं त्याच्या डोक्यात कधीचं पडून होतं.

ऑफिसात त्याला सगळे ‘होईल’ म्हणत. गिऱ्हाइकाने काहीही विचारावं, हा म्हणणार, "होईल." खांब वाकलाय? होईल. तार चोरीला गेलीय? होईल. शेजाऱ्याचं भांडण मिटत नाही? तेही होईल. माणूस वाईट नव्हता. कुणाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं, एवढंच. नाही म्हणण्यापेक्षा होईल म्हणून सटकणं सोपं, हे त्याने फार लवकर शिकून घेतलं होतं.

टेस्ट रूममधल्या ताईंचा फोन आला तेव्हा निम्मी कॅबिनेट पुसून झाली होती. ताई दिवसभर पडद्यासमोर बसून गावभरच्या लाइनी मोजत. त्यांचा चेहरा फारसा कुणी पाहिलेला नव्हता. पण आवाज सगळ्यांना पाठ होता.

"होईल, आहेस का मेलास?"

"आहे. गारठलोय."

"गारठ. एक राउटर बदलायचाय. परवा वीज कमीजास्त झाली त्यात जळालाय. किराणा दुकानाच्या वरचं घर, मागे तूच लावला होतास. बाई घरून काम करतात, हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. आज त्यांनी स्वतःचीच तक्रार माझ्या डोक्यावर घातलीय. राउटर तुझ्या पिशवीत टाकून ठेवलाय, दुरुस्त होऊन आलेला आहे. सोबत फक्त अडॅप्टर. दुसरं काही नाही, मागू नकोस."

"होईल."

"व्हायलाच पाहिजे. कॅबिनेट अर्धी सोडून जाऊ नकोस म्हणणार होते, पण जा. आल्यावर पुरी कर."

किराणा दुकानाच्या वरचं घर, एवढं ऐकून तो फडकं पिळता पिळता थांबला. का, ते त्याला लगेच आठवलं नाही. आठवायचं नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. त्याने दार लावलं, सायकलला पिशवी अडकवली आणि निघाला.

*

जिना अरुंद, वर साबणाच्या आणि गूळ-पोत्यांच्या वासाचा. तक्रार करणाऱ्या बाईंनी, म्हणजे त्या घरच्या सूनबाईंनी, दार उघडलं. केस वर बांधलेले, गळ्यात हेडफोन तसाच लटकत होता, जणू काम नसलं तरी त्या जुवातून मान सुटत नव्हती.

"या भाऊ. दोन दिवस सुट्टी टाकून बसलेय. तिसरी दिली नाही त्यांनी. आज दुपारी लॉग-इन केलं नाही तर उद्यापासून यायचंच नाही म्हणतात. म्हणजे बसायचंच नाही. घरातच असते मी."

"होईल हो. अर्ध्या तासाचं काम."

तार खिडकीच्या चौकटीतून आत यायची, भिंतीवरच्या छोट्या पेटीत. त्याने पेटी उघडली, जोडी मोजली, टोन घेतला. राउटर टेबलावर ठेवला. अडॅप्टर लावला, पॉवरचा दिवा लागला. तार खोचली. लाइनचा दिवा लुकलुकायला लागला, आधी सावकाश, मग घाईघाईने, आणि मग थांबून लख्ख हिरवा झाला. हा क्षण त्याला अजून आवडायचा. कुठल्याशा कोपऱ्यातल्या मोठ्या यंत्राने या एवढ्याशा डब्याला ओळख दिली, असं वाटायचं.

सूनबाईंचा लॅपटॉप वायरने जोडला. राउटरचं पान उघडून गिऱ्हाइकाचं नाव, पासवर्ड, लाइनचे दोन आकडे भरले, जतन केलं, डबा बंद करून पुन्हा चालू केला. इंटरनेटचा दिवा लागला. मग त्याने पडद्यावर ती काळी खिडकी उघडली. तिच्यात राउटर पलीकडे सतत हाक मारत राहतो आणि पलीकडून ओ आली की एक ओळ उमटते. ओळीखाली ओळ पडत राहिली, म्हणजे लाइन जिवंत. त्याने ताईंना फोन लावला.

"बघा हो जरा."

"बघितलं. गोंगाट कमी आहे, वेग पुरेसा आहे. धुक्याच्या मानाने झकास. सही घे आणि ये."

तो सहीसाठी वही काढत होता तेवढ्यात आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी म्हातारी येऊन उभी राहिली. सूनबाईंची सासू. लहानखुरी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, ओच्यात रंगीत बटणं. एके काळी शिवणकाम करायची, अजून लोकांच्या सदऱ्यांना बटणं लावून द्यायची.

"बाबा, ह्या नव्या डब्यावर माझा फोन चालेल का रे?" तिने विचारलं.

"आई." सूनबाईंचा आवाज वर गेला नाही, पण थकला. "मागे सांगितलं होतं ना यांनी. तार एकच आहे. एका नळाला दोन तोट्या. एक सोडली की दुसरीचं पाणी तुटणार."

"हो, ते सांगितलं होतं. मी आपलं विचारलं. नवा डबा आहे म्हणून."

एका नळाला दोन तोट्या. शब्दन् शब्द त्याचा. तोंडात मारल्यासारखा तो वही हातात धरून उभा राहिला.

आता सगळं आठवलं. वर्ष होऊन गेलं होतं. ह्याच टेबलावर त्याने पहिला राउटर लावला होता. राउटरसोबत आलेल्या खोक्यात काडेपेटीएवढा पांढरा फिल्टर होता. एका तारेवरून नेट आणि बोलणं दोन्ही जातं. ते एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून फोनच्या आधी हा फिल्टर लावायचा. लावला नाही तरी दिवे हिरवेच लागतात, वेगही मिळतो. फोन वाजला किंवा उचलला, की मग मात्र नेट धाडकन पडतं. म्हणून काम झाल्यावर फोन एकदा वाजवून बघायचा असतो. ही शेवटची चाचणी.

त्या दिवशी त्याने फोन वाजवून बघितलाच नाही. कारण फिल्टर त्याच्या खिशात होता. त्याच्या स्वतःच्या घरी दोन फोन होते, फिल्टर एक. स्वयंपाकघरातल्या फोनवर बायको संध्याकाळी तिच्या बहिणीशी बोलायची आणि मध्ये सूं-सूं आवाज यायचा. "लाइनमनच्या घरची ही तऱ्हा," असं ती रोज म्हणायची. त्याने मनाशी म्हटलं, पुढच्या आठवड्यात स्टोअरात माल येईल, तेव्हा ह्यांना एक आणून देऊ. होईल.

माल आला तेव्हा हे घर डोक्यातून गेलं होतं. मध्ये एकदा सूनबाईंचा फोन आला होता, की रोज दुपारी फोन वाजला की नेट पडतं. तेव्हा तो खांबावर होता, एका हाताने लटकलेला. त्याने नळाचा दृष्टांत देऊन टाकला. "त्या वेळी फोन टाळा, जमलं तर." त्यानंतर तक्रार आली नाही. आणि तक्रार नाही म्हणजे काम चोख, असं ऑफिसात सगळेच धरून चालत. त्यानेही धरलं.

"फोन आहे कुठे?" त्याने विचारलं.

"कपाटावर," म्हातारी म्हणाली. "धूळ बसू नये म्हणून टॉवेलात बांधून ठेवलाय. तसा चांगला आहे. माझी धाकली बहीण दुपारी चार वाजले की फोन करायची. रोज. तिकडे तिचं एकटीचं घर, इकडे मी आतल्या खोलीत. काय बोलायचो असं नाही. बटण कुठलं लावलं, दूध नासलं का, असलंच. मग हिची नोकरी जायची वेळ आली. मीच म्हटलं, काढून ठेव बाई."

"तुम्ही म्हणालात खरं," सूनबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पण मी रडत होते म्हणून म्हणालात."

लाइनमनने स्टूल ओढलं, कपाटावरचं गाठोडं काढलं. टॉवेलाची गाठ नीट, सुबक होती, शिवणकाम करणाऱ्या बाईने मारलेली. आतल्या खोलीत तारेचं टोक खिळ्याला गुंडाळून ठेवलेलं होतं. त्याने फोन जोडला आणि रिसीव्हर उचलला.

बाहेरून सूनबाईंचा आवाज आला, "गेलं. दिवा गेला बघा."

त्याने रिसीव्हर ठेवला. लाइन परत यायला पुरी दीड-दोन मिनिटं लागली आणि तेवढा वेळ तिघंही त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहिली.

"ह्याला एक पार्ट लागतो," तो म्हणाला. "फिल्टर म्हणून. तो लावला की दोन्ही चालतं."

"पार्ट लागतो?" सूनबाई वळल्या. "मग मागे का नाही लावला?"

"तेव्हा... नव्हता." तार तोडावी तसं वाक्य मध्येच तुटलं. "आणतो मी. लगेच आणतो."

जिन्यात उतरून त्याने ताईंना फोन केला. "स्टोअरात फिल्टर असेल का एखादा?"

"फिल्टर? आता कोण मागतंय ते? उरलेले भंगारात गेले. का रे, आज फिल्टर आठवला?"

"काही नाही," तो म्हणाला आणि सायकल घराच्या दिशेने वळवली.

*

बायको दोरीवरचं धुणं काढून घड्या घालत होती. धुक्यामुळे कपडे वाळलेच नव्हते, त्याचा राग चादरीवर निघत होता.

"एवढ्यात कसे आलात? कामावरून काढलं का?"

तो सरळ स्वयंपाकघरात गेला. फोन ओट्याच्या कडेला भिंतीवर होता. त्याखाली फिल्टर, वर्षभराच्या धुराने पिवळा पडलेला, तेलकट.

"तो कशाला काढताय? परत सूं-सूं होईल."

"दुसऱ्याचा आहे."

"दुसऱ्याचा म्हणजे?"

त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, स्क्रू ड्रायव्हरकडे बघत. म्हातारीचं सांगितलं, तिच्या बहिणीचं सांगितलं, टॉवेलाची गाठही सांगितली. बायको ऐकता ऐकता खाली बसली. ओली चादर मांडीवर तशीच राहिली.

"म्हणजे वर्षभर मी त्या म्हातारीच्या वाट्याचं बोलत होते," ती म्हणाली.

"तुला काय माहीत होतं?"

"मला नव्हतं. तुम्हाला होतं ना?" ती उठली. ओल्या हाताने तिने फिल्टरवरचा तेलकट थर साडीच्या पदराने पुसला, आत बाहेर, दातात अडकलेलं काढावं तशी नखाने फट साफ केली, आणि त्याच्या हातात दिला. "आणि तिथे जाऊन नवीन पार्ट आला असं सांगू नका."

"नाही सांगत."

"सांगाल. मी ओळखते तुम्हाला. ती म्हातारी बाबा-बाबा करेल, तुम्ही पाघळाल आणि आशीर्वाद घेऊन याल फुकटचा. तो घरात आणू नका."

"होईल," तो म्हणाला.

"होईल नाही. हो म्हणा."

तो हो म्हणाला. सायकलवरून परत जाताना वाटेत तीनदा त्याने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. तिन्ही वेळा त्या वाक्यात स्टोअरचा, मालाचा, साहेबांचा उल्लेख आपोआप घुसत होता. स्वतःचं एकट्याचं नाव घेऊन ते वाक्य काही उभं राहत नव्हतं.

*

फिल्टर लावायला पाच मिनिटं लागली नाहीत. वर्षभर अडलेलं काम पाच मिनिटांचं होतं, ही गोष्ट त्या खोलीत त्याच्याशिवाय कुणाला कळली नाही.

"नवीन दिसत नाही," सूनबाई म्हणाल्या.

"नाही. जुनाच आहे." इथे बोलून टाकायला हवं होतं. तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच. "आता फोन वाजवून बघू."

ताईंना नंबर सांगितला. लॅपटॉपवर ओळीखाली ओळ पडत होती. आतल्या खोलीत फोन वाजला. वर्षभर टॉवेलात राहिल्याने घंटीचा आवाज घोगरा झाला होता. म्हातारी दचकली, ओच्यातली बटणं जमिनीवर सांडली, आणि त्यांच्यावरूनच चालत जाऊन तिने रिसीव्हर उचलला.

"धाकले?"

पलीकडे ताई होत्या. रोज ज्यांच्या तोंडून शिव्यांशिवाय काही निघत नसे, त्या ताईंचा बारीक आवाज बाहेरपर्यंत आला. "नाही आजी. मी टेस्ट रूममधून. आवाज बरोबर येतोय का माझा?"

"येतोय बाई. खणखणीत. तू जेवलीस का?"

"जेवते आता."

"जेव. उशीर करू नकोस."

ओळी पडतच राहिल्या. एकही चुकली नाही. हिरवा दिवा हलला नाही. सूनबाईंनी हेडफोन कानावर चढवला, काही तरी दाबलं आणि हळूच म्हणाल्या, "चालू आहे." मग हेडफोन पुन्हा उतरवून त्या आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

म्हातारी बोटाने आकडे दाबत होती. नंबर तिच्या डोक्यात नव्हता, बोटात होता. मध्येच चुकली, ठेवला, पुन्हा सुरुवात केली. पलीकडे उचलला गेला.

"मी बोलतेय गं."

मग म्हातारीने रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर हसू की रडू, त्याला ठरवता येईना.

"राँग नंबर म्हणाली. ठेवून दिला."

"चुकीचा लागला असेल," सूनबाई म्हणाल्या.

"चुकीचा कसला. तीच आहे. लहानपणापासून अशीच रुसते. वर्षभर फोन केला असेल तिने, तिकडे नुसती घंटी वाजत राहिली असेल. तिला वाटलं असेल, अक्काने उचलला नाही. बघ ना, मी तरी तिला कसं पटवणार होते? हिच्या मोबाइलवरून एकदा केला, तर ती म्हणाली, घरचा फोन आहे ना, त्यावरून कर. मी म्हटलं, ह्या घरी फोन चालत नाही. ती म्हणाली, घंटी तर वाजते." म्हातारीने रिसीव्हर जागेवर ठेवला. "तिला मी खोटारडी वाटले. जाऊ दे."

जाऊ दे. लाइनमनच्या कानात ते दोन शब्द बसले. इथून पाय काढायला एवढे पुरेसे होते. दिवे हिरवे, चाचणी पुरी, सही घ्यायची आणि जिना उतरायचा. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं.

"आजी, तो नंबर परत लावा," तो म्हणाला. "मी बोलतो."

"तू काय बोलणार?"

"लावा तर."

तिने लावला. त्याने रिसीव्हर हातात घेतला. पलीकडून खरबरीत आवाज आला, "राँग नंबर म्हटलं ना."

"मावशी, मी लाइनमन. ठेवू नका." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "तुमच्या अक्कांचा फोन वर्षभर बंद होता तो माझ्यामुळे. ह्या घराचा एक पार्ट होता, तो मी माझ्या घरी नेला. माझ्या बायकोच्या फोनला लावला. आणि ह्यांना सांगितलं, की फोन चालणारच नाही. चालला असता. तुमची घंटी वाजत होती, कारण तार जिवंत होती. इकडे फोनच काढून ठेवलेला होता. अक्का खोटं बोलल्या नाहीत. खोटं मी बोललो."

पाठीमागे सूनबाईंचा श्वास अडकल्याचं त्याला ऐकू आलं.

पलीकडून त्याच खरबरीत आवाजात प्रश्न आला, "तुझ्या बायकोला कुणाशी बोलायचं होतं?"

ह्या प्रश्नाची त्याने तयारी केलेली नव्हती. "तिच्या बहिणीशी," तो म्हणाला.

पलीकडे नाकातून हवा सोडल्यासारखा आवाज आला. हसली की हुंदका, कळलं नाही. "दे तिला."

त्याने रिसीव्हर म्हातारीच्या हातात दिला. ती तिथेच खाटेच्या कडेला बसली आणि पहिलंच वाक्य बोलली, "तू आधी मला बोलू दे, मग बोल." म्हणजे पलीकडून आधीच सुरू झालं होतं.

तो बाहेर येऊन पिशवी आवरायला लागला. क्लिपा पिशवीच्या काठावर अडकत होत्या. सूनबाई समोर उभ्या होत्या. त्याला वाटलं, आता ऑफिसात फोन करतील. करू देत. उलट केला तर बरं.

"मी आईंना बोलले होते," सूनबाई हळू म्हणाल्या. "एकदा. तुमच्या गप्पांवर आपलं घर चालत नाही म्हणून. तुमच्या त्या तोट्यांवर विश्वास ठेवून बोलले." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच भरू दिले. "तुमच्यावर ओरडले असते मी. पण ओरडायला लागले तर ते आत ऐकू जाईल, आणि त्या फोन ठेवून देतील. तुम्ही जा आता."

"सही..."

"उद्या या सहीला. आज माझ्या हाताने नाही होणार."

आशीर्वाद मिळाला नाही. म्हातारीने वळूनसुद्धा बघितलं नाही. सांडलेली बटणं जमिनीवर तशीच होती. जाताना त्याने दाराजवळची दोन-तीन उचलून टेबलावर ठेवली आणि जिना उतरला. उतरताना हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

*

चौकात आला तेव्हा धुकं वर उचललं होतं, पण ऊन काही पडलं नव्हतं. कॅबिनेटचं दार उघडलं. उरलेल्या निम्म्या जोड्या वाट बघत होत्या. त्याने फडकं पिळलं, गोणपाट सरकवलं, बसला. मोबाइल वाजला.

"होईल," ताई म्हणाल्या, "त्या आजींना काय झालं होतं रे? वर्षभर कुणी विचारलं नसेल तसं मला विचारलं, जेवलीस का म्हणून."

"सांगतो नंतर. सगळं सांगतो. ऑफिसात आल्यावर."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही टोमणा आला नाही.

पुसायची, आवळायची, क्लिप लावायची, टोन ऐकायचा. पुढची. पुसायची, आवळायची. हाताला सवय होती म्हणून डोकं मोकळं राहत होतं, आणि डोकं मोकळं राहायला आज नको होतं. पुढच्या जोडीला क्लिप लावली तर टोन आला नाही. नेटचा सूं आवाज, आणि त्याच्या आडून एक खरबरीत बोलणं.

"...ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्टी होती ना गं, तेव्हा काही दिसायचं नाही. शेजारणीकडून तुझा नंबर लावून घ्यायचे रोज चारला. म्हटलं, दिसत नाही तर नाही, अक्काचा आवाज तरी ऐकू येईल. ती घंटी मी पट्टीआड..."

क्लिप काढायची होती. नियम होता. त्याची बोटं क्लिपेवर होती, आणि दाबली जात नव्हती. म्हाताऱ्या मिस्त्रीने कान पिळला होता तो आता गरम झाल्यासारखा वाटला.

"...मग एका डोळ्याने यायला लागलं दिसायला. दुसरा गेला तो गेलाच."

"मला कुणी सांगितलं नाही गं," इकडची म्हातारी म्हणाली. "मला कुणी..."

त्याने क्लिप ओढून काढली. तार थोडी हलली आणि स्थिर झाली. बोलणं आत चालूच असणार, त्याच्याशिवाय, ह्या एवढ्याशा पितळी स्क्रूच्या पलीकडे. डोळ्याचं त्याला त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतं, आणि चोरून ऐकलेलं ते आता कुणाला सांगताही येणार नव्हतं. रात्री स्वयंपाकघरातला फोन सूं-सूं करेल, बायको "काय म्हणालीस, ऐकू नाही आलं" असं ओरडेल, आणि तो समोर बसून ते ऐकेल.

स्क्रूवर अजून ओल होती. त्याने फडक्याचं कोरडं टोक शोधलं, बोटाला गुंडाळलं, ती जोडी दोन वेळा पुसली, स्क्रू हलक्या हाताने आवळला, बोलणं तुटू नये इतक्या हलक्या हाताने, आणि पुढच्या जोडीकडे वळला.